परभाषेचा कान आणि कुलूपबंद प्रयोगशाळा

ज्ञान ही आपल्या देशात फार मोठ्या काळापर्यंत ऐकण्याची वस्तू होती. वेदाला श्रुती म्हणतात ते उगाच नव्हे. म्हणूनच ज्ञानबंदीची पहिली शिक्षाही कानाला होती. गौतम धर्मसूत्राने शूद्राने वेद ऐकल्यास त्याच्या कानात वितळलेले कथील आणि लाख ओतावी, उच्चारल्यास जीभ छाटावी आणि लक्षात ठेवल्यास शरीर भेदावे असे सांगितले. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी कान, मग जीभ, मग शरीर. ज्याला ऐकूच दिले नाही त्याला बोलता येणार नाही, आणि ज्याला बोलता येत नाही त्याला ज्ञानी कोण म्हणणार, हे स्मृतिकारांना नीट कळत होते.

दलित साहित्याने आणि समीक्षेने आजवर लेखणीविषयी पुष्कळ लिहिले. अक्षर हाती आले, आत्मकथने आली, कविता आली, आणि प्रस्थापित मराठीला आपली कूस तपासून पाहावी लागली. परंतु कानाचा प्रश्न आपण बाजूला ठेवला. या लेखात मला तोच प्रश्न मांडायचा आहे, आणि तो वरवर फार किरकोळ वाटणाऱ्या एका वस्तूच्या निमित्ताने. ती वस्तू म्हणजे खिशात मावणारे ध्वनियंत्र. कालचा वॉकमन, आजचा एमपी-थ्री प्लेअर. परभाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रंथालयाने पुस्तक द्यावे तसे हे यंत्र घरी न्यायला द्यावे, अशी मागणी मी करणार आहे. ही मागणी सोयीची नसून सांस्कृतिक हक्काची आहे, हे दाखवणे हा लेखाचा उद्देश आहे.

'परभाषा' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या बहुतेक मुलांसाठी परभाषा म्हणजे आजही इंग्रजी. जर्मन, फ्रेंच, जपानी या तिच्या पलीकडच्या. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात ज्या भाषा सहज शिकायला मिळतात, त्यांची नावे लोणार किंवा संग्रामपूर तालुक्यातल्या मुलाला बातमीत वाचायला मिळतात. बुलढाणा शहराला अजून रेल्वे नाही. तिथून विद्यापीठाचे गाव अमरावती सुमारे दोनशे किलोमीटर. अशा ठिकाणी भाषा माणसातून नव्हे तर यंत्रातून कानावर येणार, हे आधी मान्य केले पाहिजे.

१

यंत्रांचाही एक इतिहास आहे आणि तो सत्तेचा इतिहास आहे. परभाषेचा आवाज विकत देणारी लिंग्वाफोन ही संस्था लंडनमध्ये १९०१ साली निघाली. आवाज तबकडीत आला. पण तबकडी आणि ग्रामोफोन ज्याच्या दिवाणखान्यात, आवाजही त्याचाच. बी.बी.सी.ने १९४३ साली रेडिओवरून इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. आवाज भिंती ओलांडून आला, पण तो एकदाच येऊन जाई. कळले नाही तर पुन्हा विचारायची सोय नाही. १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडला; घाबरलेल्या अमेरिकेने १९५८ साली संरक्षणाच्या नावाखाली शिक्षणाचा कायदा केला, आणि त्या पैशातून तिकडच्या शाळा-महाविद्यालयांत भाषा प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. त्याच १९५८ साली आपल्याकडे हैदराबादला इंग्रजीची केंद्रीय संस्था निघाली. तिचे आज इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठ झाले आहे.

या प्रयोगशाळेची रचना पाहण्यासारखी असते. एका ओळीत कप्पे, प्रत्येक कप्प्यात कानाला लावायचे यंत्र, आणि समोर शिक्षकाचे टेबल. कोणता आवाज सुरू करायचा, केव्हा थांबवायचा, कोणाचे ऐकायचे, हे त्या टेबलावरून ठरते. विद्यार्थ्याचा कान कप्प्यात बसवलेला असतो.

हा कान कप्प्यातून सोडवला तो कॅसेटने. फिलिप्स कंपनीने १९६३ साली छोटी कॅसेट काढली आणि सोनीने १९७९ साली वॉकमन. हे यंत्र वेगळे होते ते लहान होते म्हणून नव्हे. फीत मागे फिरवण्याची कळ ऐकणाऱ्याच्या बोटाखाली आली, म्हणून ते वेगळे. एक वाक्य दहा वेळा ऐकण्याचा अधिकार प्रथमच शिकणाऱ्याला मिळाला. वर्गात 'पुन्हा सांगा' म्हणायला ज्याची जीभ रेटत नाही, त्या मुलाला या कळीचे मोल विचारा. तो गप्प बसतो याला लाजाळूपणा म्हणून चालणार नाही. प्रश्न विचारला की मास्तर चेहऱ्याकडे, आडनावाकडे आणि राखीव जागेकडे पाहतो, हे त्याने पिढ्यान् पिढ्या अनुभवले आहे. यंत्र आडनाव पाहत नाही. ते दहाव्या वेळीही तेच वाक्य त्याच स्वरात सांगते.

आपल्या चळवळीला हे यंत्र परके नाही. आंबेडकरी जलशांनी निरक्षर वस्तीला राजकारण कानानेच शिकवले. वामनदादा कर्डक आणि विठ्ठल उमप यांचे आवाज पुढे कॅसेटमधून गावोगावच्या बौद्धवाड्यांत गेले. ज्या घरात पुस्तक नव्हते त्या घरात टेपरेकॉर्डर होता आणि जयंतीच्या महिन्यात त्याला विश्रांती नव्हती. म्हणजे आवाजाने शिकणे हे कमी प्रतीचे शिकणे, असे आपण तरी म्हणू शकत नाही. असे असताना शिक्षणाच्या मागण्यांत आपण वसतिगृह मागितले, शिष्यवृत्ती मागितली, पुस्तके मागितली. आवाज मागितला नाही. चळवळीने ज्या साधनाने स्वतःची माणसे घडवली, ते साधन शिक्षणसंस्थेकडे मागायचे तिला सुचले नाही, ही विसंगती तपासून पाहिली पाहिजे.

२

आता आमच्या जिल्ह्यातली परिस्थिती. नॅक ही मूल्यमापन करणारी संस्था १९९४ साली स्थापन झाली. त्यानंतरच्या काळात ग्रामीण महाविद्यालयांतही संगणकांसह भाषा प्रयोगशाळा आल्या. मी पाहिलेल्या अशा एका खोलीत वीस खुर्च्या आहेत, वीस संगणक आहेत, त्यांवर प्लास्टिकची झाकणे आहेत आणि दाराला कुलूप आहे. किल्ली कारकुनाकडे. कारकून रजेवर असेल तर किल्लीही रजेवर. वीज असेल, बॅच असेल, शिक्षक नेमलेला असेल आणि तो तासिका तत्त्वावरचा असूनही त्या दिवशी आलेला असेल, तर आठवड्याला एक तास. पाहणी समितीच्या भेटीच्या दिवशी मात्र झाकणे निघतात आणि कानाला यंत्रे लावलेल्या मुलांची छायाचित्रे निघतात. ही एका संस्थेची कथा असती तर मी लिहिले नसते.

हिशेब करून पाहू. आठवड्याला एक म्हणजे वर्षाला फार तर तीस तासिका. गोएथे संस्थेच्या अंदाजानुसार जर्मन भाषेच्या बी-१ पातळीपर्यंत पोचायला पंचेचाळीस मिनिटांच्या साडेतीनशे ते साडेसहाशे तासिका लागतात. आमच्या गतीने ही पातळी गाठायला बारा ते बावीस वर्षे हवीत. तोवर मुलगा बाप झालेला असेल.

हा हिशेब कागदी नाही. २००३ पासून महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातीच्या मुलामुलींना तिच्यातून परदेशी विद्यापीठांत जाता येते. परंतु बहुतेक विद्यापीठांच्या दारात आधी इंग्रजीची परीक्षा असते. आय.ई.एल.टी.एस. या परीक्षेच्या श्रवणाच्या भागात चाळीस प्रश्न असतात, सुमारे तीस मिनिटांचा आवाज असतो आणि तो एकदाच ऐकवला जातो. परीक्षेची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात. आमची मुले वाचनाच्या भागात तग धरतात, कारण वाचन त्यांनी पुस्तकातून कमावलेले असते. श्रवणात ती पडतात. वीस वर्षांच्या आयुष्यात इंग्रजी बोलणारा माणूस त्यांनी सलग अर्धा तास ऐकलेलाच नसतो. शिष्यवृत्ती विमानाच्या तिकिटापासून सुरू होते. हा अडसर त्याच्या कितीतरी आधी उभा आहे.

दुसरे उदाहरण जर्मनीचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, नळजोडणी करणारे, चालक अशांची नावे त्यात होती. पहिल्या टप्प्याला दहा हजारांचा आकडा सांगितला गेला आणि जर्मन भाषेचे शिक्षण शासनाच्या खर्चाने देण्याचे ठरले. अशा करारांचे पुढे काय होते हा वेगळा विषय. मला एवढेच म्हणायचे आहे की आय.टी.आय. आणि नर्सिंगच्या वर्गांत कोणाची मुले-मुली बसतात ते आपल्याला माहीत आहे. त्यांच्यापुढे आता परभाषा ही साहित्याची हौस म्हणून नाही, पोटाची अट म्हणून उभी आहे. आणि त्या अटीचे मोजमाप तासांत आहे. परभाषेचा कान जन्माने येत नाही, तो तासांनी येतो. तास ही मालमत्ता आहे. ज्याच्या घरात इंग्रजी बोलतात त्याला ते तास वारशाने मिळतात. ज्याच्या घरात नाही त्याला ते कोणीतरी दिले पाहिजेत.

३

हे तास आणायचे कोठून? इथे मजूर घराची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पुस्तकाला हात लागतो, डोळे लागतात, उजेड लागतो आणि बसायला जागा लागते. मजूर घरातल्या मुलाकडे या चारही गोष्टींची टंचाई असते. त्याच्याजवळ मोकळी असते ती एकच गोष्ट, कान.

माझ्याजवळची तीन साधी ध्वनियंत्रे गेली दोन वर्षे मी विद्यार्थ्यांत फिरती ठेवली आहेत. पंधरा दिवस एकाकडे, मग दुसऱ्याकडे. परत देताना प्रत्येकाला मी एकच विचारतो, केव्हा ऐकलेस? उत्तरे लिहून ठेवली आहेत. एक मुलगी कापूस वेचताना ऐकायची. ओढणीखाली तार जात असे. एक जण रात्री जागलीला जातो. सोयाबीनवर रोही आणि डुकरे पडतात म्हणून मळ्यात माचणावर बसून राहायचे, त्या चार तासांत तो ऐकत असे. एकीने सांगितले, भाकरी थापताना. एक जण मोताळ्याहून एस.टी.ने येतो, जाता-येता ऐकतो. 'टेबलाशी बसून' असे उत्तर एकाचेही नाही.

या उत्तरांतून प्रयोगशाळेवरची खरी टीका निघते. ती खोली कुलूपबंद नसती, रोज दहा ते पाच उघडी असती, तरीही ती या मुलांच्या कामाची अर्धीच होती. दहा ते पाच या वेळेत रिकामा बसू शकणारा विद्यार्थी तिने गृहीत धरला आहे. हा विद्यार्थी कोणत्या वर्गातला आणि कोणत्या जातीतला, हे सांगण्याची गरज नाही. सुगीत ज्याची हजेरी तुटते, ज्याच्या आईबापाबरोबर त्यालाही वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जावे लागते, तो त्या रचनेत बसत नाही. खिशातले यंत्र मात्र त्याच्याबरोबर फडावर जाते. श्रमाच्या वेळेत शिकणे हे काही आदर्श म्हणून मी सांगत नाही. मुलांनी कापूस वेचू नये, वर्गात बसावे, हेच खरे. पण ते होईपर्यंत त्यांचा मोकळा कान रिकामा ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे?

४

या यंत्रांत भरतात काय, याचीही समीक्षा झाली पाहिजे. भाषेचे ध्वनिमुद्रित पाठ हेही एक वाङ्मय आहे. त्यांत पात्रे असतात, संवाद असतात, एक जग असते. बाजारात मिळणारे बहुसंख्य इंग्रजी पाठ ऐका. विमानतळ, हॉटेलातली खोली, सुटीतला प्रवास, डॉक्टरची वेळ, घरी जेवायला बोलावलेले पाहुणे. बोलणारा नेहमी गिऱ्हाईक असतो. तो मागवतो, तक्रार करतो, आभार मानतो. सामान उचलणारा, टेबल पुसणारा, जिना झाडणारा या पाठांत असला तरी एका वाक्यापुरता असतो. आमची मुले हे संवाद पाठ करतात तेव्हा ती भाषेबरोबर एक जागाही पाठ करत असतात, आणि ती जागा त्यांची नसते. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या मराठीनेही वर्षानुवर्षे हेच केले. अंगण, तुळस, देवघर आणि आजीच्या गोष्टी. दलित साहित्याने त्या मराठीला प्रश्न विचारला. परभाषेच्या पाठांना तो विचारायचे राहून गेले आहे.

याला अपवाद आहेत, आणि ते सांगितले पाहिजेत. डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेची 'डॉयच – वारुम निष्ट?' ही श्राव्य पाठमाला आहे; चार भाग, प्रत्येकी सव्वीस पाठ. तिचा नायक आंद्रेआस हा पत्रकारिता शिकणारा विद्यार्थी हॉटेलात काम करून शिकतो. हॉटेल तेच, पण ते खोलीत उतरलेल्या पाहुण्याच्या बाजूने न दिसता दाराशी उभ्या असलेल्या कामगाराच्या बाजूने दिसते. त्याच्याबरोबर एक्स नावाची एक अदृश्य बोलकी बाहुलीसारखी व्यक्तिरेखा आहे आणि तिच्यामुळे पाठ हलकाफुलका होतो. ही पाठमाला क्रांतिकारक आहे असे मी म्हणणार नाही. पण कमवून शिकणाऱ्या मुलाला तिच्यात उभे राहायला जागा सापडते. माझ्या विद्यार्थ्यांना आंद्रेआस लगेच आपला वाटला, हे मी पाहिले आहे.

परभाषेच्या पहिल्या पाठातली आणखी एक गोष्ट मला नेहमी थांबवते. पहिला पाठ नावाचा असतो. तुमचे नाव काय, तुम्ही कोठले, काय काम करता. मराठीत हेच तीन प्रश्न एका ओळीत आले की आमच्या मुलाला कळते की विचारणाऱ्याला चौथे उत्तर हवे आहे. नाव सांगितले की आडनाव, आडनाव कळले नाही की गाव, गाव सांगितले की गावात घर कोठे. जर्मन पाठात हे प्रश्न तिथेच संपतात. आडनावाच्या पाठीमागे काही शोधायचे नसते. परभाषा जातिमुक्त असते असा भाबडा दावा मी करत नाही. जर्मन भाषेने वंशद्वेषाचा केवढा नरसंहार पाहिला हे आपण जाणतो, आणि परदेशातल्या भारतीय वस्त्यांत जात सुखरूप पोचली आहे हेही जाणतो. तरीसुद्धा, आपले नाव नुसते नाव म्हणून उच्चारण्याचा सराव या मुलांना प्रथम परभाषेत मिळतो. ही गोष्ट लहान नाही.

५

इथे एक धोका नोंदवला पाहिजे. कानाची ही मागणी उच्चारांच्या नव्या सोवळ्यात अडकू शकते. मराठीत आमच्या मुलांचा 'ण' आणि 'न' तपासला गेला. 'पानी' म्हणाला की वर्ग हसतो. वऱ्हाडात 'डोळा'चा 'डोया' होतो, 'काळा'चा 'काया' होतो; हा या मुलखातल्या सर्व जातींचा उच्चार, पण अशुद्धपणाचा शिक्का बसतो तो कोणावर? आता भाषा प्रयोगशाळेतून इंग्लंडच्या वरच्या वर्गाचा उच्चार हा नवा 'ण' म्हणून आणला जात असेल, तर आपण त्याला नकार दिला पाहिजे. ऐकून समजणे हा एक गुण आहे आणि दुसऱ्याच्या तोंडासारखे तोंड करणे हा दुसरा. पहिल्यावाचून ज्ञान मिळत नाही. दुसऱ्यावाचून काही अडत नाही.

याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याजवळ आहे. बाबासाहेबांची बी.बी.सी.ने घेतलेली १९५५ सालची मुलाखत ध्वनिमुद्रित रूपात उपलब्ध आहे. तिच्यातले इंग्रजी ऐका. शब्द नेमके, वाक्य पूर्ण, युक्तिवाद धारदार, आणि उच्चार स्वतःचा. कोलंबिया आणि लंडनमध्ये वर्षे काढलेल्या या माणसाने कोणाची नक्कल केली नाही. विद्यार्थ्याच्या खिशात पहिला आवाज घालायचा असेल तर हा घालावा. 'आपल्याला जमेल का' या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या कोणी देण्याची मग गरज राहत नाही.

बाबासाहेबांचे भाषाशिक्षणही या संदर्भात आठवले पाहिजे. शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात त्यांनी जे विषय घेतले त्यांत प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन यांचाही एकेक अभ्यासक्रम होता. १९२१ मध्ये त्यांनी बॉन विद्यापीठात नाव नोंदवले. घरच्या देवभाषेने ज्याला दार लावले, त्याने जगाच्या भाषांची दारे उघडली. हा वारसा सांगणाऱ्या समाजाने परभाषेचे शिक्षण शहरी मध्यमवर्गाच्या हवाली करावे, हे योग्य नव्हे.

६

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की मोबाइल सर्वांकडे आहे, मग वेगळे यंत्र कशाला? 'सर्वांकडे' हा शब्द तपासू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरत असलेला मोबाइल होता. घरात फोन असणे आणि तो मुलीच्या हातात असणे यांत अंतर आहे. बापाचा फोन बापाबरोबर कामावर जातो, भावाचा फोन भाऊ देत नाही, आणि मुलीच्या हातात फोन दिसला की गल्ली बोलू लागते. नुसता आवाज वाजवणाऱ्या यंत्रावर कोणाचा संशय नसतो, कारण त्यातून कोणाशी बोलता येत नाही. शिवाय त्याला इंटरनेट लागत नाही, जाहिरात लागत नाही, दर महिन्याला पैसे भरावे लागत नाहीत. सोळा जीबीच्या एका कार्डात बोलण्याच्या दर्जाचे पाचशे तासांहून अधिक ध्वनिमुद्रण मावते. मघाशी मांडलेल्या जर्मनच्या हिशेबाशी हा आकडा ताडून पाहावा.

दुसरा आक्षेप म्हणजे शासन टॅब वाटतेच आहे. महाज्योतीसारखी संस्था प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना टॅब देते आणि इंटरनेटही देते, हे चांगलेच आहे. पण ते वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या वाटेवरच्या मुलांसाठी आहे. बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्या किंवा नर्सिंगला गेलेल्या मुलीचा कान त्या योजनेत नाही. आणि मला 'वाटप' या शब्दाविषयीच शंका आहे. वाटपाला मांडव लागतो, हार लागतो, देणारा उंच आणि घेणारा वाकलेला असे छायाचित्र लागते. उसने देणे ही वेगळी रीत आहे. ग्रंथालयातून पुस्तक घेणारा सभासद असतो. तो सही करतो, नेतो, परत आणतो, पुन्हा नेतो. तिथे कोणी दाता नसतो.

उसने देण्याची पद्धत व्यवहारातही टिकते. अमेरिकेतल्या ड्यूक या श्रीमंत विद्यापीठाने २००४ साली पहिल्या वर्षाच्या सोळाशेहून अधिक विद्यार्थ्यांना आयपॉड फुकट दिले. त्याचा चांगला उपयोग झाला तो ज्या वर्गांत ऐकण्याचे काम होते तिथे, आणि त्यांत परभाषांचे वर्ग ठळक होते. वर्षभरानंतर विद्यापीठाने सरसकट देणे बंद करून अभ्यासक्रमाच्या गरजेप्रमाणे यंत्र देण्याची पद्धत धरली. ज्यांना पैशाची ददात नाही त्यांनाही गरज पाहून देणे शहाणपणाचे वाटले, ही गोष्ट आपल्या उपयोगाची आहे.

तिसरा आक्षेप नेहमीचा. मुले यंत्र मोडतील, हरवतील, विकतील. हाच आक्षेप पुस्तकांबाबत घेतला गेला होता. तरी १९७८-७९ पासून अनुसूचित जातींच्या वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची पुस्तकपेढी योजना आली. महागड्या पुस्तकांचा संच दोघांत एक, आणि संचाचे आयुष्य तीन वर्षे, असे धरून ती चालली. म्हणजे वस्तू झिजते, हे शासनाने हिशेबात धरले होते. पुस्तक झिजले तर ते वापरले गेले असे आपण म्हणतो. यंत्र बिघडले तर मूल बेजबाबदार, असे का म्हणावे? माझ्याकडच्या तीनपैकी एकाची तार दोनदा बदलावी लागली. एवढेच नुकसान.

तेव्हा मागणी अशी आहे. पुस्तकपेढीच्या धर्तीवर प्रत्येक महाविद्यालयाच्या, आय.टी.आय.च्या, परिचर्या महाविद्यालयाच्या आणि समाजकल्याणच्या वसतिगृहाच्या ग्रंथालयात ध्वनिपेढी असावी. साधी, दुरुस्त होणारी यंत्रे असावीत. अनामत रक्कम घेऊ नये, कारण अनामत हीच गरिबाला वगळण्याची पहिली चाळणी असते. मुदत पंधरा दिवसांची नसून पूर्ण सत्राची असावी. माझ्याजवळ यंत्रे तीनच म्हणून मला पंधरा दिवस ठेवावे लागले, संस्थेला तसे कारण नाही. सुट्टीत आणि सुगीत यंत्र परत मागू नये, कारण ऐकण्याचा खरा काळ तोच. आणि त्यात काय भरायचे हे ठरवताना भाषेच्या शिक्षकांबरोबर चळवळीतल्या वाचत्या माणसांनाही बसवावे.

या शेवटच्या कामासाठी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. मराठीतून समजावून सांगणारे, मजुरीच्या, दवाखान्याच्या, वसतिगृहाच्या, मुलाखतीच्या प्रसंगांवरचे इंग्रजी आणि जर्मन पाठ आपले शिक्षक तयार करू शकतात. ध्वनिमुद्रणाला आज स्टुडिओ लागत नाही. बाहेर जाऊन परत आलेले किंवा तिकडे असलेले आपले विद्यार्थी आहेत. परीक्षेच्या खोलीत काय होते, विद्यापीठाच्या कचेरीत काय विचारतात, हे त्यांनी त्या भाषेत आणि मराठीत दोन्हीत सांगून ठेवावे. मिलिंद महाविद्यालयाच्या १९५० सालच्या स्थापनेपासून आपल्या शिक्षकांनी मुलांसाठी आपल्या खोल्या आणि आपली पुस्तके मोकळी केली. आता आवाज मोकळा करायचा आहे. प्रत्येक तालुक्यात दहा यंत्रे जमवणे हे एका जयंती मंडळाच्या आवाक्यातले काम आहे, डी.जे.च्या एका रात्रीच्या भाड्यात ते भागते. मंडळांनी यंदाच्या वर्गणीत एवढा एक खर्च धरावा, आणि शिक्षकांनी आपापल्या प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे असते, ती आठवड्यात किती वेळा फिरते, याची नोंद करून ती लेखी स्वरूपात विद्यापीठापुढे ठेवावी.